विंडोज, मॅक, लिनक्स की क्रोमबुक? मुंबईत पहिला लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी

मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. ॲडमिशनच्या दिवसांत लॅपटॉपबद्दल विचारायला येणारी मुलं आणि त्यांचे आईवडील बहुतेक वेळा एखादी कंपनी किंवा एखादी किंमत मनात धरूनच आलेले असतात. कुणाला मामाने सांगितलेलं असतं, कुणाला ऑफर संपायच्या आत घ्यायचा असतो. मी आधी एवढंच विचारतो की प्रॅक्टिकलला कोणतं सॉफ्टवेअर आहे? याचं उत्तर मिळालं की विंडोज घ्यावं की मॅक हा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटतो. प्रोसेसर, रंग, स्क्रीन, सेल या गोष्टी त्यानंतर बघायच्या. घरातली मोठी रक्कम जाणार असते आणि मशीन चार वर्षं चालवायचं असतं, म्हणून हा क्रम मोडू नका.

पायरी १ : सिलॅबस उघडा आणि लॅबमध्ये जाऊन विचारा

युनिव्हर्सिटीच्या किंवा कॉलेजच्या वेबसाइटवर तुमच्या कोर्सचा सिलॅबस असतो. त्यातली प्रॅक्टिकलची यादी काढा. थिअरीचे विषय आत्ता बघायची गरज नाही. पहिल्या दोन वर्षांच्या यादीत जी सॉफ्टवेअरची नावं दिसतील ती कागदावर लिहून घ्या.

मग तो कागद घेऊन डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये जा. लॅब असिस्टंटला किंवा सेकंड इयरच्या मुलांना तीन गोष्टी विचारा. यातलं खरंच वापरात काय आहे? घरी बसून जर्नल किंवा असाइनमेंट करायला काय लागतं? ऑनलाइन परीक्षा कशावर होते? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. परीक्षेच्या वेळी स्क्रीन लॉक करणारी काही सॉफ्टवेअर सगळीकडे चालत नाहीत. सेफ एक्झाम ब्राउझर हे बऱ्याच ठिकाणी वापरलं जाणारं सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकवर चालतं, लिनक्स या मोफत मिळणाऱ्या सिस्टिमवर नाही. घरात एकच लॅपटॉप असेल आणि त्यावर फक्त लिनक्स असेल, तर परीक्षेच्या आदल्या रात्री धावपळ होते.

पायरी २ : तुमच्या शाखेत काय अडतं ते बघा

कॉमर्स, अकाउंट्स, सीएची तयारी. विंडोजच घ्या. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे, मॅकसाठी त्याची आवृत्ती नाही. पुढे डेटा ॲनालिटिक्सकडे वळलात तर पॉवर बीआय डेस्कटॉपसुद्धा फक्त विंडोजवर चालतं. एक्सेल मॅकवर आहे आणि चांगलं आहे, पण पॉवर पिव्होटसारख्या गोष्टी तिथे नाहीत. शिवाय क्लासमध्ये शिकवतात ते कीबोर्ड शॉर्टकट विंडोजचे. आर्टिकलशिपला जिथे जाल तिथल्या टेबलावरही बहुतेक विंडोजच असेल.

मेकॅनिकल, सिव्हिल. इथेही विंडोज. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट मॅकवर चालत नाहीत. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण तिचे मेनू आणि सोयी विंडोजच्या आवृत्तीशी जशाच्या तशा जुळत नाहीत. सर फळ्यावर एक सांगतात आणि तुमच्या स्क्रीनवर दुसरं दिसतं, असं होतं. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, रेव्हिट मोफत देते. कॉलेजचा पुरावा देऊन दर वर्षी नूतनीकरण करायचं. त्यामुळे क्रॅक केलेली कॉपी घ्यायचं काहीच कारण नाही.

इलेक्ट्रॉनिक्स. प्रोटिअस, मल्टिसिम, कायलचं युव्हिजन ही नावं यादीत असतील तर विंडोज ठरलंच. एफपीजीए या चिपच्या प्रॅक्टिकलसाठी लागणारं विवाडो विंडोज आणि लिनक्सवर चालतं, मॅकवर नाही.

कॉम्प्युटर, आयटी, बीएस्सी सीएस. इथे सर्वांत मोकळीक आहे. सी, जावा, पायथन, मायएसक्यूएल, व्हीएस कोड हे सगळं विंडोज, मॅक, लिनक्स अशा तिन्हीकडे चालतं. विंडोज घेतलंत तर डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे. ती एकदा बसवली की विंडोजच्या आतच उबुंटू हा लिनक्सचा प्रकार उघडून लिनक्सचे प्रॅक्टिकल करता येतात, विंडोज काढावं लागत नाही. आयफोनसाठी ॲप बनवायचं असेल तर एक्सकोड लागतं आणि ते फक्त मॅकवर मिळतं. आता उलट बाजू. मॅकमध्ये आता ॲपलची स्वतःची चिप असते, त्यामुळे बूट कॅम्प वापरून विंडोज बसवायचा जुना मार्ग बंद झाला. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमधून आर्म प्रकारचं (म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं) विंडोज चालवता येतं, पण प्रत्येक प्रोग्रॅम त्यात नीट चालेलच असं नाही. सायबर सिक्युरिटीच्या लॅबमध्ये इंटेल-एएमडीसाठी बनवलेल्या तयार व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारे कॉम्प्युटर) देतात, त्याही अशा मॅकवर अडतात.

‘एआय शिकायचंय, म्हणून मोठं ग्राफिक्स कार्ड हवं’ असं म्हणणारी मुलं खूप भेटतात. सुरुवातीच्या दोन वर्षांचं काम गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्ये फुकट होतं. त्या कार्डाचे पैसे रॅमला लावा, जास्त उपयोग होईल.

आर्किटेक्चर. इथे मात्र ग्राफिक्स कार्ड लागतं. स्केचअप आणि ऱ्हायनो विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतात, पण रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि लुमिऑन फक्त विंडोजवर. एनव्हीडियाचं वेगळं कार्ड असलेला विंडोज लॅपटॉप बघा आणि त्याच्या वजनाची मनाशी तयारी ठेवा.

अप्लाइड आर्ट, मीडिया, फिल्म. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, प्रीमिअर विंडोज आणि मॅक दोन्हीवर आहेत, लिनक्सवर नाहीत. दाविंची रिझॉल्व्ह तिन्हीकडे आहे आणि त्याची मोफत आवृत्ती विद्यार्थ्याला पुरते. फायनल कट प्रो मॅकवरच. बजेट असेल तर या शाखेत मॅक घेणं मला पटतं. स्क्रीनचे रंग भरवशाचे आणि बॅटरी टिकाऊ. एक अडचण सांगून ठेवतो. मराठी छपाईच्या कामात अजूनही श्रीलिपीसारखी जुनी सॉफ्टवेअर विंडोजवर चालतात. डीटीपीवाल्याकडे काम शिकायला किंवा करायला जाणार असाल तर त्याच्याकडे काय आहे ते आधी विचारा.

आर्ट्स, सायन्सचे इतर विषय, बीएड. काहीही चालेल. इथे बजेट आणि वजन बघून ठरवा.

पायरी ३ : चारही पर्यायांकडे सरळ नजरेने बघा

विंडोज. पर्याय सर्वांत जास्त, दुरुस्ती कुठेही. घाटकोपर असो वा नालासोपारा, स्टेशनच्या बाहेर कीबोर्ड बदलून देणारा कुणी ना कुणी भेटतो. नवीन घेताना विंडोज ११ असलेलाच घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रॅम १६ जीबी बघा. ८ जीबीचा घ्यायची वेळ आली, तर आत आणखी रॅम बसवायला स्लॉट मोकळा आहे का ते विचारा. पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, ती नंतर वाढत नाही. स्टोरेज एसएसडी, ५१२ जीबी. अगदी स्वस्त मॉडेलमध्ये ईएमएमसी नावाचं मंद स्टोरेज असतं, ते टाळा.

विंडोजमध्येही आता दोन जाती झाल्या आहेत. स्नॅपड्रॅगन चिपचे लॅपटॉप २०२४ पासून दुकानात बरेच दिसतात. बॅटरी उत्तम, वजन कमी. पण ते आर्म जातीचे आहेत. इंजिनिअरिंगची काही सॉफ्टवेअर आणि जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. इंजिनिअरिंगच्या मुलांनी इंटेल किंवा एएमडीच घ्यावा. लिखाण, ब्राउझर आणि एक्सेल एवढंच काम असेल तर स्नॅपड्रॅगन बिनधास्त बघा.

मॅक. मॅकबुक एअरला पंखाच नाही, वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि सकाळी चार्ज करून निघालात तर संध्याकाळपर्यंत चार्जर काढावा लागत नाही. एम४ चिपची एअर मार्च २०२५ मध्ये भारतात ९९,९०० रुपयांपासून आली आणि विद्यार्थ्यांच्या सवलतीत ८९,९०० पासून. किमती बदलत राहतात, पण सवलतीचा अंदाज यावरून येईल. ही शिक्षण-किंमत घेताना विद्यार्थी असल्याची पडताळणी द्यावी लागते. ॲपलचं देशातलं पहिलं स्वतःचं दुकान बीकेसीत १८ एप्रिल २०२३ ला उघडलं. विकत घ्यायचा नसला तरी तिथे जाऊन अर्धा तास हाताळून बघता येतो. ऑक्टोबर २०२४ पासून एअरमध्ये कमीत कमी १६ जीबी रॅम येते. त्याआधीची ८ जीबीची मशीन अजून कुणी ‘ऑफर’ म्हणून पुढे केली तर दोनदा विचार करा, कारण मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. वॉरंटीनंतरची दुरुस्तीही महाग पडते.

लिनक्स. ज्यांचं बजेट तुटपुंजं आहे किंवा घरात जुना लॅपटॉप पडून आहे त्यांच्यासाठी हा खरा आधार आहे, आणि याच्याबद्दल दुकानात कुणीही बोलत नाही. विंडोज ११ ज्यावर चालत नाही अशा मशीनवरही उबुंटू बहुतेक वेळा नीट चालतं. उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. शिकायचं कसं, हा प्रश्न आपल्याच शहरात सुटलेला आहे. पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प लिनक्स, लिबरऑफिस (मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर), पायथन अशा विषयांचे छोटे व्हिडिओ फुकट देतो आणि त्यातले बरेच मराठीत आहेत. तिथल्याच फॉसी प्रकल्पाने सर्किट डिझाइनसाठी ईसिम बनवलं, तेही मोफत आहे. ज्यांना इंग्रजी व्हिडिओ भराभर समजत नाहीत त्यांनी मराठीतून सुरुवात करावी, यात कमीपणा काहीच नाही.

क्रोमबुक. गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप. स्वस्त, हलकं, चटकन सुरू होतं. २०२१ पासूनच्या मॉडेलना दहा वर्षं अपडेट मिळतात, पण ही दहा वर्षं त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म (आतला मूळ हार्डवेअर संच) बाजारात आला तेव्हापासून धरतात, तुम्ही विकत घेतलं त्या दिवसापासून नाही. यावर विंडोजचं सॉफ्टवेअर चालत नाही. शाळेतल्या मुलाला किंवा फक्त ब्राउझरवर काम असणाऱ्याला ठीक आहे. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा अकाउंट्सच्या मुलाने घेऊ नये.

पायरी ४ : पाठीवर घेऊन उभं राहून बघा

मुंबईच्या मुलाने वजनाला जेवढं महत्त्व द्यायला हवं तेवढं कुणीच देत नाही. सकाळी डोंबिवलीहून सीएसएमटीकडे येणाऱ्या फास्ट लोकलमध्ये बॅग पाठीवर ठेवता येत नाही. ती पुढे छातीशी धरावी लागते, आणि तीही ठाण्यापर्यंत जागा मिळेल या आशेवर उभ्या उभ्या. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, त्यात विटेएवढा ॲडाप्टर, जर्नल, डबा आणि पाण्याची बाटली. दोन महिन्यांत तो लॅपटॉप घरीच राहायला लागतो. रोज न्यायचा असेल तर दीड किलोच्या आत बघा. टाइप-सी चार्जिंग असेल तर मोबाइलसाठी वेगळा चार्जर न्यावा लागत नाही.

१४ इंची स्क्रीन या प्रवासाला बरी. घरी मोठी स्क्रीन हवी असेल तर नंतर मॉनिटर जोडता येतो.

पावसाळ्याचं एकच सांगतो. साध्या वॉरंटीत पाणी गेल्याचं नुकसान धरत नाहीत. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि जून ते सप्टेंबर रोज प्रवास करणाऱ्याने ते घ्यावं.

पायरी ५ : मराठी टाइप करून बघा

निबंध, प्रोजेक्ट, अर्ज, नंतर नोकरीतला पत्रव्यवहार यात मराठी लागणारच. विंडोज ११ मध्ये मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) कीबोर्ड आतच आहे, भाषा जोडली की मिळतो. इनस्क्रिप्ट ही देवनागरीची सरकारी मांडणीही आहे. मॅक आणि उबुंटूवरही देवनागरी टाइप करता येतं. दुकानात डेमो मशीनवर एक परिच्छेद टाइप करून बघा. जोडाक्षरं आणि रफार नीट दिसतात का, ते कळेल. युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल या सगळ्या सिस्टिमवर सारखीच उघडते, म्हणून सवय युनिकोडचीच लावून घ्या.

पायरी ६ : खरेदी

मोठ्या साखळी दुकानांत हाताळायला मिळतं आणि हप्त्यांची सोय असते. ऑनलाइन किंमत कधी कमी असते. पण एकदा तरी लॅमिंग्टन रोडला जाऊन यावं असं मी म्हणेन. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी लॅमिंग्टन रोड म्हणूनच विचारा. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलात की चालत काही मिनिटांत येतो. २०२५ च्या ऑक्टोबरपासून मेट्रो ३ चंही ग्रँट रोड स्टेशन सुरू झालं आहे. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून कामाच्या दिवशी जा. तीन-चार दुकानांत त्याच मॉडेलचा पूर्ण नंबर सांगून भाव विचारा. नुसतं ‘आय५ वाला’ म्हणू नका. त्याच नावाखाली वेगळी रॅम आणि वेगळी स्क्रीन असलेली मॉडेल असतात आणि भावातला फरक तिथेच लपतो.

काही लॅपटॉप ‘डॉस’ म्हणून स्वस्त मिळतात. म्हणजे त्यात विंडोजचं लायसन्स नाही. दुकानदार ‘विंडोज टाकून देतो’ म्हणतो तेव्हा ते बहुतेक वेळा क्रॅक केलेलं असतं. त्यातून व्हायरस येऊ शकतात आणि अपडेटचा भरवसा राहत नाही. उबुंटू टाकणार असाल तर डॉसचा लॅपटॉप हा पैसे वाचवायचा उत्तम मार्ग आहे. विंडोजच हवं असेल तर मूळ लायसन्ससह आलेलाच घ्या. तपासायला सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग ॲक्टिव्हेशन असं जा. तिथे डिजिटल लायसन्सने सक्रिय असल्याचं दिसलं पाहिजे.

सेटिंग्जमध्ये ‘एस मोड’ दिसला तर घाबरू नका. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच सॉफ्टवेअर चालतात. तो फुकट बंद करता येतो, मात्र एकदा बंद केला की परत चालू होत नाही. तुम्हाला तो परत लागणारही नाही.

बिल जीएसटीचंच घ्या आणि त्यावर सिरिअल नंबर लिहून घ्या. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या तळाचा आणि बिलावरचा असे तिन्ही नंबर जुळले पाहिजेत. तिथेच मोबाइलवर कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते बघा. तारीख काही महिन्यांपूर्वीची निघाली तर दुकानदाराकडून तिथल्या तिथे खुलासा घ्या.

पायरी ७ : जुना घेणार असाल तर

कंपन्यांमधून परत आलेले लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक मुंबईत भरपूर मिळतात. नव्याच्या निम्म्या बजेटमध्ये दणकट मशीन येतं. कष्टाने पैसे जमवणाऱ्या घरांना मी हा मार्ग मनापासून सुचवतो, मात्र तपासून घ्यायचा.

इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा नको, कारण विंडोज ११ अधिकृतपणे तिथूनच पुढे चालतं. पिढी मॉडेल नंबरवरून कळते. आय५-८२५० मधला पहिला आकडा ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-७२०० असेल तर तो लिनक्ससाठीच धरा. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक जागा, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एक फाइल तयार होते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करायला सांगा. मशीन बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन बघा. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर घेऊ नका.

जुना मॅक घेताना विकणाऱ्याने स्वतःच्या ॲपल आयडीतून बाहेर पडून, मशीन पूर्ण पुसून, तुमच्यासमोर नव्याने सुरू करून दाखवलं पाहिजे. सुरू होताना एखाद्या कंपनीचं नाव आलं किंवा जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला तर कितीही स्वस्त असला तरी सोडा. इंटेलचे मॅक आता घेऊ नका. इंटेलवर चालणारी मॅकओएसची शेवटची आवृत्ती टाहो असेल, असं ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. एम१ किंवा त्यापुढचाच बघा.

पायरी ८ : घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात

खोकं जपून ठेवा. परत करायची मुदत असेपर्यंत स्पीकर, कॅमेरा, प्रत्येक पोर्ट आणि कीबोर्डवरचं प्रत्येक बटण चालवून बघा. सोबत ऑफिस आलं असेल तर लगेच ॲक्टिव्हेट करा, त्यालाही मुदत असते. आलं नसेल तर आधी कॉलेजकडे विचारा, कारण कॉलेजच्या ईमेलवर ब्राउझरमधलं ऑफिस मोफत मिळू शकतं. तेही नसेल तर लिबरऑफिस आहे.

आणि एक काम त्याच दिवशी करा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. कधी बायोस अपडेट झाला किंवा दुरुस्तीत बोर्ड बदलला, तर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. म्हणून ते खातं दुकानदाराच्या किंवा मित्राच्या ईमेलवर उघडू देऊ नका, स्वतःच्याच ईमेलवर उघडा. ही रिकव्हरी की बघून घ्या, वहीत लिहा आणि ती वही लॅपटॉपच्या बॅगेत नको, घरच्या कपाटात ठेवा. मॅकवर फाइलव्हॉल्ट हे तसंच कुलूप चालू केलंत तर त्याच्या कीचंही असंच करा.

प्रोजेक्टच्या फाइली आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर आणि एकदा गूगल ड्राइव्हवर अशा दोन ठिकाणी ठेवा. सबमिशनच्या आठवड्यात विंडोजची मोठी अपडेट पुढे ढकलायला सेटिंग्जमध्ये ‘पॉज अपडेट्स’ आहे. सबमिशन झालं की आठवणीने ती परत चालू करा.